अर्ज दुसरा

प्रति,
व्यवस्थापक, खासगी वाहनतळ,
राजारामपुरी, कोल्हापूर.

विषय: तुमच्या तासात मिनिटं किती?

महोदय,
मी कमल हुक्केरीकर. गंगावेशीत घड्याळं दुरुस्त करते.
वडिलांच्या मागं मीच.
गिऱ्हाइकं अजून आत डोकावून विचारतात,
"मालक न्हाईत व्हय?"
असो. मुद्द्यावर येते.

चौदा तारखेला डोळे दाखवायला आले होते,
स्कूटर तुमच्या तळावर लावली.
बाहुल्या मोठ्या व्हायचे थेंब घातले,
डोळे मिटून बसवलं,
आणि बाहेर आले तर अख्खी राजारामपुरी
दुधात कालवलेली.
फाटकावरच्या पोरानं पावती पुढं केली.
तासाचे वीस. वर तीन मिनिटं,
त्याचा दंड शंभर.
मला आकडाच दिसत नव्हता.
नोटा चाचपून दिल्या.
तिथं मी चुकले. मान्य.

रात्री नजर जाग्यावर आली,
तशी पावती भिंगाखाली धरली,
जशी एखादी बारीक चक्री धरतात, दाता मोडलाय का बघायला.
आत: अकरा चार. बाहेर: बारा सात.
पण मी तर अकरा दहाला आले होते.
जन्मभर दुसऱ्यांची वेळ लावून देणारी बाई,
माझं मनगट सहा मिनिटं खोटं बोलेल?

मग तीन दिवस दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं.
तुमच्या समोरच्या टपरीवर बसले.
हातात वडिलांचं किल्लीचं घड्याळ,
सकाळच्या बातम्यांच्या ठोक्यांवर मिळवलेलं,
मांडीवर वही.
चहा किती झाले ते मोजले नाहीत,
गाड्या मोजल्या. दोनशे चौदा.
तुमचं आतलं यंत्र सहा मिनिटं मागं.
तुमचं बाहेरचं पाच मिनिटं पुढं.
मागं राहायचं ते येताना,
पुढं पळायचं ते जाताना.
महोदय, बिघडलेलं घड्याळ मी ओळखते.
ते दोन्हीकडं बिघडतं.
मालकाच्या फायद्याकडंच बिघडणारं
माझ्या टेबलावर अजून आलेलं नाही.

पोराला काही बोलू नये, ही विनंती.
त्याचं नाव मी या अर्जात घालत नाही.
वसुली कमी भरली की त्याच्या पगारातनं जाते,
तिसऱ्या दिवशी तोच चहाचे पैसे देताना म्हणाला,
"काकू, म्या नुसता दांडा वर करतोय.
वेळ वरनं येती."

पहिला अर्ज दिला, त्याला तुमच्याकडनं फोन आला.
"शंभर रुपयांसाठी एवढं?"
मी म्हटलं, शंभरासाठी नाही, अकरा मिनिटांसाठी.
समोर हसू आलं. मग फोन ठेवल्याचा आवाज.

ग्राहक आयोगात साडेदहाची तारीख होती,
पुकारा झाला सव्वाबाराला.
त्या पावणेदोन तासांचा दंड
कुणी कुणाला भरायचा, हे मी विचारलं नाही.
बाकावर शेजारी एक फ्रिजवाले होते,
त्यांचं घड्याळ बंद. तेवढ्यात झाकण उघडून बघितलं,
सेल गेला होता.
तुमचे वकील आले नाहीत.
पुढची तारीख पडली.
आणि तिच्या आदल्या दिवशी
तुमचा माणूस दुकानात येऊन
शंभराची कोरी नोट काचेवर ठेवून गेला.
पावती मागितली तर म्हणाला,
"घ्या की गुमान."

नोट अजून काचेखाली आहे. मोडलेली नाही.

काल परत तपासणीला आले होते.
बघितलं. बाहेरचं यंत्र बरोबर लागलंय,
मिनिटाला मिनिट.
त्याबद्दल आभार.
पण आतलं अजून सहा मिनिटं मागंच आहे,
आणि माझ्या पुढं एक बाळंतीण,
मागं एक दुधाचे कॅन लादलेला,
दोघंही आत आले
ते सहा मिनिटं आधीच.

म्हणून हा दुसरा अर्ज.
यंत्राची वेळ लावायला तुमच्याकडं माणूस नसेल
तर मी येते. शिडी तेवढी द्या.
मजुरी चाळीस रुपये.
पावती मिळेल.

आपली,
क. शं. हुक्केरीकर

सोबत: पहिल्या पावतीची झेरॉक्स,
वहीची अकरा पानं.
ता. क. वेळ लिहिते: सकाळचे नऊ वाजून चार मिनिटं.
ठोक्यावर मिळवलेली.